उंदीर, वात आणि एजंट्स डॉट एमडी

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालचा. त्याच्या आधीच्या एका उन्हाळ्याच्या शेवटी महाराजांचं घोडदळ पावसाळ्यासाठी चिपळूणच्या बाजूला छावणी करून बसलं होतं. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांचं एक पत्र गेलं. इतिहासाच्या पुस्तकांत ते पुन्हा पुन्हा छापलं गेलंय. रयतेला त्रास देऊ नका, हा त्याचा सारांश तुम्ही शाळेत वाचला असेल.

माझं लक्ष मात्र त्या पत्रातल्या उंदरावर अडकतं.

छावणीत गवताच्या गंजी रचलेल्या आहेत, त्यांना आग लागू नये असं महाराजांना सांगायचं आहे. 'आगीची काळजी घ्या' एवढं लिहून काम भागलं असतं. पण पत्र तिथे थांबत नाही. कुणी भलत्याच जागी चूल मांडेल. कुणी गवत पडलंय, वारा सुटलाय याचं भान न ठेवता तंबाखू ओढत बसेल. रात्री दिवा जळता राहील आणि एखादा उंदीर ती पेटती वात ओढून नेईल. रायगडावरून राज्य चालवणारा माणूस चिपळुणातल्या उंदराचा विचार करून ठेवतो!

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळ गाव वाशिम जिल्ह्यातलं जऊळका, नोकरी हैदराबादला. गेली दोनेक वर्षं माझ्या कामाचा एक मोठा भाग सूचना लिहिण्यात आणि दुसऱ्यांच्या सूचना तपासण्यात जातो. सूचना वाचणारा माणूस नसतो, एआय एजंट असतो. त्याला 'अमुक फीचर बनव' असं सांगितलं की तो आमचा कोड वाचतो, बदलतो, चालवून बघतो. हुशार आहे, पण काल काय ठरलं होतं हे त्याला आज आठवत नाही. प्रत्येक सत्र म्हणजे नोकरीचा पहिला दिवस. म्हणून प्रकल्पात एक साधी मजकुराची फाइल ठेवतात. इथे काम कसं चालतं, काय करायचं, कशाला हात लावायचा नाही, हे तिच्यात लिहिलेलं असतं. क्लॉड कोडसाठी ती 'क्लॉड डॉट एमडी' असते, कर्सरचे नियम वेगळ्या फाइलींत असतात. २०२५ पासून 'एजंट्स डॉट एमडी' हे सामायिक नाव बऱ्याच साधनांनी स्वीकारलं.

फाइल लिहिणं सोपं आहे. ती चांगली आहे की नाही हे ओळखणं अवघड आहे. वाचायला नीटनेटकी, मुद्देसूद, ठळक अक्षरांतली फाइल प्रत्यक्षात निरुपयोगी निघू शकते. तर मग सूचनेचा कस लावायचा कसा? हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा खूप जुना आहे. मराठीत तर त्याच्यावर सात शतकांचं काम पडलेलं आहे.

गेलेलं गवत परत येत नाही

चिपळूणच्या पत्राकडे पुन्हा बघू, इंजिनिअरच्या नजरेने.

पत्र आधी परिस्थिती सांगतं. पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण साठवलेली आहे. मग हिशेब मांडतं. आत्ता मन मानेल तशी उधळली तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग पुढची पायरी. साठा संपला की तुम्ही गावात शिराल. कुणी कुणब्याचे दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी. लोक गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील. त्यांच्या लेखी तुम्ही मोगलांपेक्षा वाईट ठराल. म्हणून जे लागेल ते बाजारातून विकत घ्या.

नियम बघितला तर एका ओळीचा आहे. साठा जपून वापरा, लागलं तर विकत घ्या. बाकी सगळी कारणांची साखळी आहे. वैरणीपासून घोड्यापर्यंत, घोड्यापासून कुणब्याच्या भाकरीपर्यंत. ती डोक्यात बसली की पत्रात न आलेला प्रसंगही सोडवता येतो. समजा एखाद्याने विचारलं, 'गावकऱ्याने स्वतःहून कोंबडी आणून दिली तर घ्यायची का?' पत्रात कोंबडी नाही. पण उत्तर काय असेल याचा अंदाज छावणीतल्या साध्या शिलेदारालाही बांधता येईल.

आगीच्या भागात आणखी एक गोष्ट आहे, मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. गंजी एकदा जळाल्या की मग कुणब्यांची डोकी मारली किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली तरी गवताची एक काडी मिळणार नाही, असं पत्र सांगतं. म्हणजे शिक्षेचा धाक आहे, पण सूचनेचा जीव त्या धाकात नाही. गेलेलं गवत परत येत नाही, यात आहे. म्हणूनच पत्र शेवटी अधिकाऱ्यांनाच कामाला लावतं. सतत फिरत राहा, बघत राहा.

आजच्या फाइलींत याच्या नेमकं उलटं चित्र दिसतं. कारण नसतं आणि आरडाओरडा असतो. 'अत्यंत महत्त्वाचे', 'कधीही करू नये', पुढे तीन उद्गारचिन्हं. माणसाला धाक तरी वाटतो, अब्रूची चाड असते. मोगलांपेक्षा वाईट म्हटलं की छावणीतला शिलेदार चपापतो. एजंटला नोकरी जाण्याची भीती नाही. आणि एका फाइलीत वीस ओळी 'अत्यंत महत्त्वाच्या' असतील तर त्यातली खरी महत्त्वाची कोणती, हे त्याला कसं कळणार?

वीस किलोंचा प्रश्न

यात अडतं कुठे, ते एका प्रसंगातून सांगतो. मी ज्या टीममध्ये आहे ती शेतमालाच्या खरेदीचं सॉफ्टवेअर बनवते. शेतकरी माल घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, रिकाम्या पोत्यांचं म्हणजे बारदानाचं वजन वजा होतं, काटापट्टी निघते आणि तिच्यावरून पैसे ठरतात.

मी आलो तेव्हा फाइलीत एक ओळ आधीपासून होती: 'सगळ्या टेस्ट पास झाल्याशिवाय काम पूर्ण समजू नये.' टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतोय का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम. ओळ निर्दोष वाटते. पुस्तकातली वाटते.

एकदा एजंटला वजनाची आकडेमोड सोपी करायला सांगितलं होतं. त्याने बारदानाची वजावट पोत्यागणिक पूर्ण किलोत केली. एक टेस्ट पडली. मग एजंटने काय केलं? टेस्टमधला अपेक्षित आकडाच बदलला. सगळ्या टेस्ट पास, काम पूर्ण. नियमाचं अक्षरशः पालन झालं होतं.

आता हिशेब करा. रिकामं पोतं ६०० ग्रॅमचं धरा. ५० पोत्यांचं बारदान होतं ३० किलो. पोत्यागणिक १ किलो कापला तर होतं ५० किलो. म्हणजे ५० पोत्यांमागे शेतकऱ्याचं २० किलो सोयाबीन कागदावरून गायब. कुणी चोरलं नाही, कुणाचा वाईट हेतू नव्हता, पट्टीवर सगळं छापील आणि स्वच्छ. रिव्ह्यू करताना एका सहकाऱ्याच्या हे लक्षात आलं आणि बदल पुढे गेला नाही.

त्या ओळीत शब्द चुकीचा एकही नव्हता. टेस्ट कशासाठी आहे, ती पडली तर कुणाचं नुकसान, हे तेवढं तिच्यात नव्हतं. उंदीर नव्हता.

उपाय उघड वाटतो, प्रत्येक नियमासोबत कारण लिहा. पण तसं केलं की फाइल फुगते. एजंट ती प्रत्येक वेळी वाचतो, त्याला वेळ आणि पैसे लागतात, आणि लांबलचक फाइलीत कामाची गोष्ट गर्दीत हरवते. थोडक्यात लिहिलं तर अर्थ सुटतो, सविस्तर लिहिलं तर लक्ष सुटतं. या पेचातून आमच्या भागातले लोक सातशे वर्षांपूर्वी गेले आहेत.

सूत्र एकीकडे, प्रसंग दुसरीकडे

महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी तेराव्या शतकात वऱ्हाड-मराठवाड्यात फिरले. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर आणि लोणारच्या त्यांच्या आठवणी लीळाचरित्रात आहेत. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत, प्रसंग पडेल तसं सांगत. ते गेल्यावर म्हाइंभटाने ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या. एकाच प्रसंगाची दोन माणसांनी दोन रूपं सांगितली, तर तो पाठभेद नोंदवण्याची पद्धतही या परंपरेत आहे. त्याला 'वासना' म्हणतात.

पुढे केसोबासांनी या आठवणींतून स्वामींची वचनं वेगळी काढली. तो सूत्रपाठ. अनुयायांसाठी ही अक्षरशः सूचनांची फाइल होती. विचार कसा करायचा, आचार कसा ठेवायचा, छोट्या छोट्या वाक्यांत. पाठ करायला सोपी, बरोबर न्यायला सोपी.

पण वाक्य प्रसंगातून उचललं की त्याचं मूळ तुटतं. हे कुणाला सांगितलं होतं? रागात, थट्टेत की गंभीरपणे? सगळ्यांसाठी की त्या एकासाठीच? सूत्र एवढंसं, अर्थ चार निघतात. यावर पंथाने काढलेला मार्ग मला एखाद्या अनुभवी टीमला शोभेल असा वाटतो. त्यांनी सूत्रपाठ आहे तसाच छोटा ठेवला, आणि कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगात आलं ते सांगणारा वेगळा ग्रंथ तयार केला. त्याचं नावच 'प्रकरणवश'. शिवाय केसोबासांचा दृष्टान्तपाठ आहेच. त्यात आधी सूत्र, मग स्वामींनी सांगितलेला दृष्टान्त, मग त्याचा अर्थ उलगडणारं दार्ष्टान्तिक. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट अनेकांना तिथूनच माहीत असते. नियम, उदाहरण, खुलासा, तिन्ही वेगळे आणि एकमेकांना बांधलेले.

एक सूत्र तर मला व्यक्तिशः लागू आहे. कानडी आणि तेलंग देशात जाऊ नका, असं चक्रधर अनुयायांना सांगतात. मी हैदराबादला बसून हे वाचलं, तेव्हा हसू आलं. पण त्याच सूत्रात कारणही आहे. त्या देशांत विषयोपभोग फार आहेत आणि तिथे तपस्व्यांना मान मिळतो. मान मिळणं हा धोका म्हणून सांगितलाय, हे लक्षात घ्या. नुसती दोन देशांची नावं असती, तर नियम त्या दोन देशांपुरता राहिला असता. कारणामुळे तो कुठेही लागू करून बघता येतो. इथे मला फार मान मिळतोय का? हा पंथ पुढे पंजाबपर्यंत पोचला. तिथलं नाव सूत्रात नाही, पण तिथे वापरायची कसोटी आहे.

आजच्या सरकारी शासन निर्णयाची रचनाही अशीच आहे. वर 'वाचा' म्हणून आधीचे संदर्भ, मग 'प्रस्तावना' म्हणजे हा निर्णय का घेतला, आणि मग 'शासन निर्णय'. जीआर व्हॉट्सअपवर फिरतो तेव्हा मात्र लोक खालचा भाग तेवढा लाल रेघेने अधोरेखित करून पाठवतात. प्रस्तावना कुणी वाचत नाही. आणि मग 'आमचं गाव यात बसतं का?' यावर तहसीलच्या आवारात भांडणं होतात.

आंब्याला हात लावायचा, पण कधी?

आता १७१५ च्या सुमाराकडे. रामचंद्रपंत अमात्य या वेळी म्हातारे झाले आहेत. शिवाजी महाराजांच्या काळापासून त्यांनी राज्य पाहिलंय, राजाराम महाराज जिंजीला असताना इथला कारभार ओढलाय. आता ते कोल्हापूरच्या गादीसाठी 'आज्ञापत्र' सिद्ध करतात. आपण नसताना राज्य कसं चालावं, याची ही सूचना.

त्यातला गडांचा भाग बघा. गड बांधण्याआधी पाणी बघा. पण एक झरा सापडला म्हणून निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो. म्हणून टाकी खोदून पाणी साठवून ठेवा. नियम, कारण आणि कारण कळल्यामुळे आपोआप पटणारा उपाय. उंदरासारखाच इथे तोफेचा दणका आहे. सगळं नीट चालू असताना जे सुचत नाही, ते आधीच लिहून ठेवलंय.

आरमारासाठी लाकूड तोडण्याची सूचना याहून नमुनेदार आहे. सागासारखं लागेल ते लाकूड परवानगीने जंगलातून आणा, जास्त लागलं तर विकत घ्या. आंबा, फणस हीसुद्धा आरमाराच्या उपयोगाची झाडं आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नका. का? ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. ती तोडल्यावर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही, आणि असं दुःख देऊन केलेलं काम टिकत नाही. आणि अपवाद? एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. जबरदस्ती करायची नाही.

एवढ्याशा मजकुरात बंदी आहे, कारण आहे, अपवाद आहे, आणि अपवाद वापरण्याची अट आहे. आमच्या फाइलीतली टेस्टची ओळ मी याच साच्यावर पुन्हा लिहिली:

'वजनाच्या टेस्टमधले आकडे खऱ्या काटापट्ट्यांवरून घेतले आहेत. बारदानाची वजावट एकूण वजनावर होते. पोत्यागणिक पूर्णांकात केली तर शेतकऱ्याचा माल कमी भरतो. यातली टेस्ट पडली तर कोड चुकला असं समजावं. आकडा खरोखर बदलायची वेळ आली तर थांबून माणसाला विचारावं.'

एका ओळीच्या पाच झाल्या. त्यांची जागा भरून निघावी म्हणून फाइलीतल्या दुसऱ्या कितीतरी ओळी काढल्या. 'स्वच्छ कोड लिहावा', 'चांगल्या पद्धती पाळाव्यात' या जातीच्या. या ओळी न वाचताही एजंट तेच करतो. त्या नसल्या तर काय बिघडेल, याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही.

जऊळका स्टेशनचा धडा

नवी ओळ पुरली का? बऱ्याच अंशी. पूर्ण नाही. का नाही, हे समजायला माझ्या गावाचं स्टेशन कामी येतं.

जऊळका हे मालेगाव तालुक्यातलं, अकोला-पूर्णा मार्गावरचं लहानसं स्टेशन. मी शाळेत असताना इथलं मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. गाव इतकं स्टेशनला चिकटलंय की सरकारदरबारीही 'जऊळका रेल्वे' म्हणूनच ओळखलं जातं. आता हे दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं.

भारतीय रेल्वेची सूचनांची रचना थरांची आहे. सगळ्या देशासाठी सामान्य नियम. त्यांच्याखाली प्रत्येक झोनचे सहायक नियम. आणि त्याखाली प्रत्येक स्टेशनचे स्वतःचे कार्यनियम: इथे किती लाइनी, उतार कुठे, फाटक कुठे, कोणती गाडी कुठे घ्यायची. स्टेशनचे नियम वरच्या नियमांसोबत वाचायचे असतात, त्यांना रद्द करत नाहीत. स्थानिक माहिती द्यायची, पण सुरक्षेचं मूळ तत्त्व बदलायचं नाही.

एजंट्स डॉट एमडीचा संकेत इथे वेगळा आहे. मोठ्या प्रकल्पात फोल्डरगणिक अशी फाइल ठेवता येते, आणि दोन फाइलींत विरोध आला तर बदलायच्या कोडच्या जवळची फाइल वरचढ ठरते. सोयीचं आहे, पण धोक्याचंही. कुणीतरी आतल्या फोल्डरमध्ये घाईत लिहिलेली ओळ मूळ तत्त्वावर मात करू शकते. म्हणून फाइल तपासताना मी आता सुटी फाइल तपासत नाही. वरपासून खालपर्यंत सगळ्या एकत्र वाचतो, आणि कोणती ओळ कोणत्या ओळीला छेद देते ते बघतो.

रेल्वेची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्टेशनवर नवा माणूस रुजू झाला की त्याला कार्यनियम वाचून, 'वाचले आणि समजले' अशी सही करावी लागते. पण रेल्वे त्या सहीवर विसंबत नाही. ठरावीक काळाने पुन्हा प्रशिक्षण असतं, आणि अधिकारी रात्री-अपरात्री न सांगता तपासणीला येतात. चिपळूणच्या पत्रातलं 'फिरत राहा' ते हेच. एजंटही विचारलं की लगेच म्हणतो, नियम समजले. ती सही आहे. तपासणी नव्हे.

आणि जिथे माणसाच्या समजेवरही विसंबायचं नसतं, तिथे रेल्वेने नियम कागदावरून काढून यंत्रात घातला. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून देशात अनेक ठिकाणी टोकनची पद्धत होती. दोन स्टेशनांमध्ये एकमेकांशी जोडलेली यंत्रं असत. एका वेळी एकच टोकन बाहेर निघे, आणि ते हातात आल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नसे. रेल्वेतून निवृत्त झालेले गावातले एक काका हे एका वाक्यात सांगतात: "टोकन हातात नसन तं गाडी हालतच नाही, बावा. मंग कोन किती हुशार हाये, ते पायाचंच काम नाही."

आमच्या टीमने शेवटी हेच केलं. वजनाच्या टेस्टच्या फोल्डरमधला कोणताही बदल माणसाच्या मंजुरीशिवाय पुढे जातच नाही, अशी सोय केली. फाइलीतली ओळ ठेवली, कारण एजंटला 'का' कळलं तर तो मुळात तिकडे वळतच नाही. पण कुलूप यंत्रात आहे.

उलट टोकही रेल्वेनेच दाखवलंय. कर्मचाऱ्यांचं 'नियमानुसार काम' हे आंदोलन तुम्ही ऐकलं असेल. संप नाही, काम बंद नाही, फक्त पुस्तकातला प्रत्येक नियम अक्षरशः पाळायचा. गाड्यांचा खोळंबा होतो. एरवी गाड्या वेळेवर धावतात त्या नियमांमुळे आणि नियमांचा हेतू ओळखणाऱ्या माणसांमुळे. कुठला नियम कधी ताणायचा हे कळणारा माणूस काढून टाकला की उरलेलं पुस्तक स्वतःच अडथळा होतं. एजंटच्या हाती हजार ओळींची फाइल देणं म्हणजे रोज हे आंदोलन ओढवून घेणं.

कस लावण्याची रीत

तर फाइल चांगली की वाईट, हे मी आता वाचून ठरवत नाही. ती लिहिणारा माणूस बाजूला नसताना काय होतं, यावर ठरवतो.

एखाद्या ओळीचं काम काय हे बघायचं तर ती काढून टाकतो आणि एजंटला तेच काम पुन्हा पुन्हा देतो. एकदा देऊन चालत नाही, तो दर वेळी थोडं वेगळं वागतो. काही फरक पडला नाही तर ती ओळ फक्त जागा अडवत होती. मग मी फाइलीत नसलेला प्रसंग समोर ठेवतो. बारदानाबद्दल लिहिलंय, तर ओलाव्याच्या घटीचं काम देतो. सोयाबीन ओलं असेल तर वजनातून काही टक्के कापतात. पूर्णांकाचा खेळ तिथेही होऊ शकतो, पण त्याचं नाव फाइलीत नाही. जुन्या ओळीवर एजंट कधी कोड दुरुस्त करायचा, कधी टेस्टमधल्या आकड्यालाच हात घालायचा. नव्या ओळीवर तो बहुतेक वेळा थांबून विचारू लागला. नेहमी नाही, म्हणून तर कुलूप.

त्यानंतर ती फाइल मी टीममध्ये नव्यानेच आलेल्या माणसाला वाचायला देतो आणि विचारतो, हा नियम मोडला तर कुणाचं काय जाईल? 'टेस्ट फेल होईल' असं उत्तर आलं तर ओळ पुन्हा लिहायची. 'शेतकऱ्याचं वजन कमी भरेल' असं आलं तर ठेवायची. महाराजांच्या पत्रात कुणबी आहे, अमात्यांच्या पत्रात आंबा लावणारा आहे. सूचनेच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस तिच्यात दिसला पाहिजे. एजंट कोड वेगाने लिहितो, आणि जितक्या वेगाने लिहितो तितक्याच वेगाने त्या माणसापासून लांब जाऊ शकतो.

आमची फाइल आता ८० ओळींची आहे. प्रत्येक अवघड नियमापुढे एका वेगळ्या टिपणाचा पत्ता आहे, आणि त्या टिपणात हा नियम कोणत्या दिवशी, कशामुळे आला ते लिहिलंय. टीममध्ये आम्ही त्या फोल्डरला 'प्रकरणवश' म्हणतो. तेलुगू सहकाऱ्यांना आधी उच्चार जमत नव्हता, आता जमतो.

सोयाबीनची आवक ऑक्टोबरात सुरू होते. त्याआधी, सप्टेंबरात, ही सगळी तपासणी पुन्हा करायची असं ठरलंय. यंदा काही ठिकाणी तागाच्या पोत्यांऐवजी प्लास्टिकची पोती येणार आहेत, वजनाला बरीच हलकी. बारदानाचं टिपण त्याआधी बदलायला लागेल.